रविवार मिळवून देणारा ठाणेकर : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी नौपाड्यातील आपल्या वसतिगृहाच्या फाटकाशी जी गर्दी होते, ती या शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात असेल. कुणाची आई डब्यात सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन येते. कुणाचे वडील कल्याणहून, भिवंडीहून, पार कसाऱ्याहून पहाटेच निघतात. दोन-तीन तासांची ती भेट असते, पण मूल त्यावर आठवडाभर तग धरते. वर्षानुवर्षे ही भेट पाहत आलेले आम्ही शिक्षक एकदा इतिहासाच्या तासाला सहज विचारून गेलो, की रविवारी सुट्टी का असते? इंग्रज ख्रिस्ती होते, त्यांचा तो प्रार्थनेचा दिवस होता, असे उत्तर आले. कचेऱ्या आणि कोर्टांपुरते ते उत्तर बरोबरच आहे. परंतु गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवार मिळाला तो चर्चमुळे नव्हे. त्यासाठी सभा भराव्या लागल्या, अर्ज लिहावे लागले, हजारो सह्या आणि अंगठे गोळा करावे लागले. ते काम ज्याने केले, तो माणूस याच ठाण्यात जन्मला होता. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली तेच हे वर्ष. लोखंडे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. पोटापाण्यासाठी हे कुटुंब ठाण्यात येऊन राहिले होते. नारायण पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला पोहोचली. पुढे तीन वर्षांनी कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी ताडदेव येथे चालू झाली. आगगाडी आणि गिरणी या दोन गोष्टींनी या मुलाच्या पिढीचे आयुष्य बदलून टाकले. कोकणातील आणि घाटावरील शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेली माणसे मुंबईच्या वाटेला लागली. गावात जातीने ठरवून दिलेले काम होते. मुंबईत भोंग्याने ठरवून दिलेले काम होते. एका जोखडातून मान काढून माणसे दुसऱ्या जोखडाखाली उभी राहत होती.

नारायणरावांचे शिक्षण ठाण्यात मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळात शूद्र म्हणून हिणवल्या गेलेल्या घरातील मुलाने एवढे शिकणे ही सामान्य गोष्ट नव्हती. रेल्वे व टपाल खात्यांत काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवी येथील एका कापडगिरणीत कारकून म्हणून रुजू झाले. त्यांच्या चरित्रातील ही नोकरी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. ते सांच्यावर उभे राहिलेले कामगार नव्हते. त्यांच्या हातात लेखणी आणि हिशेबाची वही होती. परंतु गिरणीच्या कचेरीत बसणाऱ्याला जे दिसते ते रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही. कोण किती वाजता आत आला, कुणाचा पगार किती दिवस थकला, कुणाचे नाव अपघातानंतर वहीतून गळाले, हे सारे तेथेच कळते.

तेव्हाची गिरणी सूर्याबरोबर चाले. उजाडताच काम सुरू होई, अंधार पडल्यावर थांबे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची सुट्टी नव्हती. पगार महिनाअखेरीस हाती पडेल याची शाश्वती नव्हती. यंत्रात हात गेला, तर तो ज्याचा गेला त्याचाच तोटा. सरकी, सूत आणि दमट हवा यांत आठ-नऊ वर्षांची मुलेही दिवसभर उभी असत. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या काही सहृदय माणसांनी आवाज उठविल्यावर १८८१ साली देशातील पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या आणि धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालण्यास सांगितले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी कायद्यात एक अक्षर नव्हते.

या कायद्याची व्याख्या आम्ही मुलांना मुद्दाम वाचून दाखवितो. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे एकाच वेळी काम करीत असतील, आणि यंत्र वाफेच्या किंवा तत्सम शक्तीवर चालत असेल, तरच ती जागा फॅक्टरी. नव्व्याण्णव माणसांची गिरणी कायद्याबाहेर. त्याच व्याख्येत आणखी एक वाक्यांश आहे. निळीचे कारखाने आणि चहा-कॉफीच्या मळ्यांवरील यंत्रघरे त्यातून स्पष्टपणे वगळली होती. म्हणजे मुंबईच्या मुलाला जे तुटपुंजे संरक्षण मिळाले, तेवढेही आसामातील चहामळ्यावरील मुलाला मिळू नये, अशी व्यवस्था कायदा जन्मतानाच झाली होती. मळ्याचे हे कुंपण आपण ध्यानात ठेवावे. त्याकडे पुढे वळू.

लोखंडे तोवर सत्यशोधक झाले होते. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची मुंबईतील शाखा रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी कालेवार अशा तेलुगू भाषक कार्यकर्त्यांनी आणि मराठी बहुजनांनी मिळून वाढविली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले दीनबंधू हे पत्र पैशाअभावी बंद पडले, तेव्हा लोखंडे यांनी ते १८८० मध्ये मुंबईतून पुन्हा सुरू केले आणि अखेरपर्यंत सांभाळले. शेतकरी आणि कामकरी यांची गाऱ्हाणी छापणारे पत्र चालविणे म्हणजे वर्गणीदारांच्या मागे धावणे आणि पदरमोड करणे. गिरणीची नोकरी सोडून त्यांनी हे ओझे घेतले. दिवसा वही सांभाळणारा कारकून आता त्या वहीत न लिहिलेल्या गोष्टी छापू लागला.

चरित्र सांगताना दोष झाकणे आम्हांला मान्य नाही. जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचे पहिले काही भाग दीनबंधूने छापले आणि पुढचे छापण्याचे थांबविले. सरकारवरील आणि भटशाहीवरील ती प्रखर टीका छापण्यास संपादक कचरला, अशी जोतीरावांची भावना झाली आणि ती त्यांनी कडक शब्दांत नोंदवून ठेवली. लोखंडे मवाळ स्वभावाचे होते, सरकारदरबारी अर्ज-विनंत्यांचा मार्ग त्यांना जवळचा वाटे, हे खरे. पण गुरूचा रोष पत्करलेला हाच शिष्य ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करण्याच्या सोहळ्यात पुढे होता. मतभेद झाला म्हणून चळवळ मोडायची नसते, हा धडा आजच्या आपल्या समाजालाही उपयोगी आहे.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याच्या विचारासाठी आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार; ज्याच्या अंगावर कायदा लागू व्हायचा तो मात्र मुका राहणार. लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा बोलाविल्या. तेथे एक अर्ज मंजूर झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर गंभीर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, तर जन्माचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची तरतूद व्हावी.

या पाच मागण्या वाचताना आम्हांला सिगालोवाद सुत्ताची आठवण होते. राजगृहाच्या वेळुवनात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यांत सेवकांप्रति धन्याची पाच कर्तव्ये आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी रजा द्यावी. लोखंडे यांच्या हाती हे सुत्त आले होते असा आमचा दावा नाही. त्यांना सत्यशोधक विचाराने घडविले होते. परंतु अडीच हजार वर्षांपूर्वी जे धन्याचे कर्तव्य म्हणून सांगितले गेले, तेच परळच्या मैदानात कामगाराचा हक्क म्हणून उभे राहिले. कर्तव्य धन्याच्या मर्जीवर राहते. हक्क मागता येतो. त्या सभेने मागायला सुरुवात केली.

मागणी लगेच पुरी झाली नाही. आयोगाचा अहवाल आला आणि दप्तरात पडला. लोखंडे यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थान सरकारकडे पुन्हा अर्ज धाडला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कामगारांची प्रचंड सभा झाली. सुमारे १०,००० माणसे जमली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. एकोणिसाव्या शतकात, हजारो पुरुषांसमोर, गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांनी उभे राहून बोलावे ही घटना आमच्या मते त्या सुट्टीइतकीच मोठी आहे. रविवारच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मागणी मान्य केली. सहा वर्षांचा खटाटोप फळाला आला.

त्याच वर्षी सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला. मुंबईच्या चौकशीत त्याला साहाय्य करण्यासाठी लोखंडे यांना बोलाविण्यात आले. ज्या माणसाला आधी फाटकाबाहेरून अर्ज द्यावा लागत होता, तो आता चौकशीच्या मेजाशी बसला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्व गिरण्यांना बंधनकारक केली. स्त्रियांचे काम ११ तासांवर आणले. मुलांचे किमान वय ९ केले आणि त्यांचे काम ७ तासांवर आणले. शंभराची अट ५० वर आली. पुरुषांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती.

या चळवळीतून उभ्या राहिलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येईल का, यावर अभ्यासक वाद घालतात. सभासदांची नोंद नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित नियम नव्हते. आक्षेप रास्त आहे. तरीही ज्यांना धड नाव लिहिता येत नव्हते, त्यांचा सामूहिक शब्द सरकारपर्यंत पोहोचविण्याचे काम या देशात प्रथम तिने केले. भारतीय कामगार चळवळीचे जनक हे बिरुद लोखंडे यांना लाभले ते त्यामुळेच.

कामगारांपुरतेच त्यांचे मन मर्यादित नव्हते. १८९० मध्येच त्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र केले आणि विधवांचे केशवपन करण्यास त्यांनी नकार द्यावा असे आवाहन केले. त्या समाजाने सभा भरवून तसा निर्धार केला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मीयांचा मेळावा घेऊन सलोख्यासाठी खटपट केली. सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले. ज्याला शक्य होते तो शहर सोडून पळत होता. लोखंडे रुग्णांच्या सेवेत थांबले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निर्वाण झाले. सत्यशोधक चळवळीने आपली दोन माणसे एकाच साथीत, एकाच कामात गमावली.

आता त्या कुंपणाकडे वळू. मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाला, तेव्हा मळ्यावरील मजुराची अवस्था काय होती? आसामात १८५९ च्या करारभंग कायद्याचा वापर होई; उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला तर तो देणेकरी न ठरता गुन्हेगार ठरे. १८८२ च्या कायद्याखाली पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यालाच होता. आपली मराठी माणसेही या चरकातून सुटली नव्हती. मुंबई बंदरातून हजारो मराठी मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. तेथे एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यांची पणतवंडे आजही तेथे मराठी नावे लावतात.

गिरणी आणि मळा यांत हा फरक का पडला? मळेवाला अधिक क्रूर आणि गिरणीवाला दयाळू, असे नव्हते. आमच्या मते कारण साधे आहे. गिरणीचा कामगार संध्याकाळी फाटकाबाहेर पडत असे. त्याला चाळ होती, मैदान होते, दीनबंधूसारखे पत्र होते आणि अर्ज लिहून देणारा लोखंडे होता. मळ्याचा मजूर काम संपल्यावरही मालकाच्याच जमिनीवर, मालकाच्याच खोल्यांत निजत असे. त्याला जमायला मैदान नव्हते आणि त्याचा अर्ज लिहायला शेजारी कुणी शिकलेला नव्हता. एकत्र जमण्याची जागा आणि लिहिणारा हात, या दोहोंविना न्यायाची मागणी कागदावर येत नाही. आणि जी मागणी कागदावर येत नाही ती कायद्यात उतरत नाही.

ते कुंपण ओलांडायला साठ वर्षे लागली. १९४२ ते १९४६ या काळात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेणारे बाबासाहेब आता साऱ्या देशाच्या मजुरांचा विचार करीत होते. कारखान्यांतील आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ मध्ये तो कायदा झाला. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने गिरण्या आणि खाणी यांच्याबरोबर मळ्यांवरील मजुरांचीही मजुरी, घरे आणि कर्जबाजारीपण तपासून पाहिले.  पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९५१ मध्ये मळेमजूर कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९५४ पासून अमलात आला. चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांवर पिण्याचे पाणी, दवाखाना, राहायला घर, पाळणाघर, मुलांची शाळा, पावसाथंडीत छत्री आणि घोंगडी, आणि सात दिवसांतून एक दिवस विश्रांती, अशा तरतुदी त्यात आल्या. परळच्या सभेत मागितलेला दिवस अखेर मळ्यावर पोहोचला.

पण येथेही कुंपण राहिलेच. कायदा २५ एकर आणि ३० मजूर यांच्या वरच्या मळ्यांना लागू होता; एकोणतीस मजुरांचा मळा बाहेर. पुढे १९८१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा पाच हेक्टर आणि १५ मजुरांवर आली. २०२० मध्ये संसदेने हा कायदा अन्य अनेक कायद्यांसह एका संहितेत विलीन केला. कायदे बदलतात, आकडे बदलतात. प्रत्येक वेळी आपण एकच प्रश्न विचारावा, की या व्याख्येच्या बाहेर कोण उरला?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकाने शिकविला नाही, फाटकाने शिकविला. रविवारी सगळी मुले खाली धावतात, तेव्हा दोन-चार मुले वरच्या गॅलरीत उभी राहतात. कुणाची आई कंत्राटी सफाई कामगार आहे; तिचा ठेकेदार रविवार जाणत नाही. कुणाचे आईवडील कल्याण-भिवंडीच्या परिसरातील वीटभट्टीवर राहतात. उचल फिटेपर्यंत त्यांना हलता येत नाही. कुणी घरकाम करते. मालकिणीकडे पाहुणे येतात ते रविवारीच. या मुलांच्या आईवडिलांसाठी लोखंडे यांचा अर्ज अजून लिहून व्हायचा आहे. अशा एका मुलाने गेल्या वर्षी निबंधाच्या वहीत आपल्या आईच्या कामाचे तास लिहून आणले होते: वार, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, कापलेला पगार. निबंध म्हणून त्याला गुण किती द्यावेत हे आम्हांला सुचेना. वही परत देताना मात्र आम्ही त्याला सांगितले, की ही नोंद थांबवू नकोस.

ठाण्यातल्या एका मॅट्रिक झालेल्या कारकुनाने आपल्या शिक्षणाचे काय केले, हे या चरित्राचे सार आहे. त्याला मोठी नोकरी, मोठे घर मिळविता आले असते. त्याने लिहिता न येणाऱ्यांचे म्हणणे लिहून दिले. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. परळ येथील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ही स्मारके योग्यच आहेत. परंतु आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या, आज बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, वकिलीत असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा अधिक साधी आहे. महिन्यातला एक रविवार त्यांनी अशा माणसासाठी द्यावा, ज्याला रविवार नाही. त्याच्या शेजारी बसावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याचा अर्ज लिहून द्यावा. गॅलरीत उभ्या राहणाऱ्या मुलांना रविवारी फाटकाकडे धावता येईल तेव्हाच लोखंडे यांची जयंती आपण खऱ्या अर्थाने साजरी केली असे होईल.

जय भीम. नमो बुद्धाय.